पहिल्याच हाकेला ओ

ये सेजल, बस. त्या खुर्चीवर नको, ती आबांची आहे. इकडे पलंगावर बस माझ्याजवळ. आणि लॅपटॉप लगेच उघडू नकोस, आल्या आल्या कामाला जुंपून घ्यायची काही गरज नाही.

पासवर्ड, कोणत्या वाडीचा डबा कधी रुसतो, बॅटरी कुणाला सांगून बदलून घ्यायची, हे सगळं मी कागदावर लिहून ठेवलंय. कामाचा चार्ज द्यायला तसा अर्धा तास पुरे. मुरारी सर तुला म्हणालेच असतील की अक्षदाला फोनवर देता आलं असतं, उगाच पुण्याहून बिरवाडीपर्यंत पोरीला खेचलं. म्हणू देत. सातव्या ओळीवर लाल पेनानं एक नियम लिहिलाय बघ. तो काय आहे ते वाचून कळेल तुला. पण तो का आहे, हे मला कागदावर लिहिता येईना. चार वेळा लिहायला बसले आणि चारही वेळा कागद फाडला.

तर ऐक. आणि जरा हळू बोलू आपण. आबा आत आहेत.

आपली यंत्रणा काय करते ते तुला माहीत आहे, पण ती कशासाठी आहे हे पुण्यात बसून नाही कळत. पोलादपूरच्या वर डोंगरात नऊ वाड्या. तरणीताठी माणसं मुंबईला, वाडीत राहिलेली म्हातारी माणसं आणि त्यांची गुरं. पावसाळ्यात डोंगर कधी सुटेल याचा नेम नसतो. म्हणून वाड्यांच्या मुंबईकर मंडळांनी मिळून आपल्या कंपनीकडून प्रत्येक वाडीत एक डबा बसवून घेतला. वर सोलरची पाटी, आत बॅटरी, एक माइक, एक भोंगा, आणि शेजारी पाऊस मोजायचं भांडं. पाऊस ठरलेल्या मापाच्या वर गेला की आपला सर्व्हर नऊही भोंगे एकदम वाजवतो आणि लोक शाळेकडे पळतात. एवढंच काम. पण त्या एवढ्याशा कामावर नऊ वाड्या झोपतात.

आता लाइन चालू आहे की नाही हे म्हाताऱ्यांना कळणार कसं? हिरवा दिवा लावून दिला तर शेजारच्या वाडीतली ठकूबाई म्हणाली, "दिवा काय, मेल्यावर बी लावत्यात." मग ज्यांनी ही यंत्रणा पहिल्यांदा उभी केली त्या भागोजींनी तोड काढली. भागोजी वरंधचे, जन्मभर टेलिफोनच्या तारा ओढून मग स्वतःच प्रोग्रॅम लिहायला शिकलेला माणूस. त्यांनी ठरवलं की दिवेलागणीला प्रत्येक वाडीतल्या एका माणसानं डब्यासमोर उभं राहून वाडीच्या नावानं हाळी द्यायची, तीन वेळा. डबा ती हाक सर्व्हरला पोचवणार, आणि सर्व्हरनं उलट माणसाच्या आवाजात ओ द्यायची. भोंग्यातून ओ आली की लाइन जिवंत. मग सगळे निवांत. लोकांना हे इतकं आवडलं की सर्व्हरला "ओवाला" म्हणायला लागले.

तो सर्व्हर महाडला बाजारातल्या एका खोलीत होता. सावित्रीला पाणी चढलं की त्या गल्लीत गुडघाभर पाणी. दरवर्षी तेच, दरवर्षी आम्ही तो सर्व्हर टेबलावर, टेबल पलंगावर, असे चढवत बसायचो. शेवटी गेल्या आषाढात ठरलं, क्लाउडवर हलवायचा. बुधवारी हवामानवाल्यांनी लाल इशारा दिला आणि मुरारी सरांचा फोन आला, "अक्षदा, आज संध्याकाळच्या आत उरकून टाक." म्हणजे त्याच दिवशी. दुपारचे दोन वाजले होते. मी याच खोलीत, याच पलंगावर बसले होते.

क्लाउड म्हणजे काय हे मी आबांना आदल्या रविवारी समजावलं होतं. आबा म्हणजे माझे वडील, नाव महिपत. आमची वाडी सातविणी, नऊ वाड्यांमधली सगळ्यात वरची. आई गेल्यापासून तिथं आबा आणि अकरा शेळ्या. वाडीच्या वरच्या अंगाला दोन वर्षांपासून जमिनीला भेग पडलीय. मी किती वेळा म्हटलं, पावसाळ्यापुरते तरी बिरवाडीला या. तर म्हणे, "शेळ्या काय तुझ्या पलंगाखाली बांदू?" असा माणूस. त्यांना मी म्हटलं, आबा, समजा दुसऱ्याच्या मोठ्या घरात आपण एक खोली घेतली. माळा हवा तेवढा घ्यायचा, दारं हवी तेवढी पाडायची. माळ्यावर सामान राहतं, दारातनं बोलणं येतं-जातं. तसं ते यंत्र. दिसत नाही, पण असतं.

आबा हसले. "दिसत नाय पन असतं, ते आमाला नको सांगू गो," म्हणाले.

तर त्या दुपारी मी ती खोली बांधायला घेतली. यंत्र तयार केलं. एक डिस्क त्याच्या स्वतःसाठी, दुसरी मोठी डिस्क वाड्यांच्या हाकांचं रेकॉर्डिंग ठेवायला. मग दोन नेटवर्क कार्डं जोडली. एक बाहेरच्या इंटरनेटचं, दुसरं फक्त आपल्या नऊ डब्यांचं. दोन माळे, दोन दारं. सगळं तासाभरात झालं. बाहेर पाऊस कोसळत होता, पत्र्यावर इतका आवाज की स्वतःचं बोलणं ऐकू येईना, पण माझं लक्ष नव्हतं. काम जमत असलं की मला काही सुचत नाही, तुला माहीतच आहे.

मग भागोजींचा जुना प्रोग्रॅम नव्या यंत्रावर टाकला आणि वाचत बसले. मध्येच एक ओळ. सर्व्हरनं पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, दुसऱ्या हाकेला नाही, तिसरी झाल्यावरच द्यायची. आणि शेजारी त्यांनी लिहून ठेवलेलं: "तिसऱ्या हाकेशिवाय ओ देऊ नये. कारण विचारू नये."

मला हसू आलं. अगं, हा नियम आमच्याकडं पोराटोरांना ठाऊक असतो. तिन्हीसांजेला बाहेरून कुणी हाक मारली तर लगेच ओ द्यायची नाही. माणूस असेल तर तीन वेळा हाक मारेल. ते जे असतं ते एकदाच मारतं. तीन हाका होईपर्यंत आबा तर ऐकूनही न ऐकल्यासारखं करायचे, तोंडानं देवाचं नाव घेत बसायचे. लहानपणी मी शाळेतून आले आणि दारातून एकदाच ओरडले तर ओल्या कपड्यांत तशीच उभी राहायचे. पण ते घराच्या दारात ठीक आहे. क्लाउडवरच्या यंत्राला कसली तिन्हीसांज? आणि ठकूबाईला दमा. भर पावसात तिनं तीनदा बेंबीच्या देठापासून का ओरडायचं, यंत्राला पहिलीच हाक नीट ऐकू येत असताना? मी तीनाचा आकडा खोडून एक केला. आणि खरं सांगू, मला वाटलं मी म्हाताऱ्यांवर उपकारच केले.

दुसरी गोष्ट. ओ देणारा आवाज भागोजींचा होता आणि ती फाइल मी उतरवून घ्यायची विसरले होते. जुना सर्व्हर तोवर टेम्पोत चढलेला. आता माणसाचा आवाज आणू कुठून? माझ्या फोनमध्ये आबांचा एक निरोप होता. वाडीत रेंज नाही, खाली वडाच्या वळणावर येते, तिथून पाठवलेला. "ओ. हाय मी हितंच. तू जेवलीस का गो?" मी पुढचं कापलं आणि "ओ, हाय मी हितंच" एवढंच ठेवलं. ती फाइल डिस्कवर टाकली आणि तिला नाव दिलं, महिपत.

चार वाजून पाच मिनिटांनी मी लॅपटॉपवरून एकदा हाक मारून पाहिली. यंत्र म्हणालं, "ओ, हाय मी हितंच." इतकं बरं वाटलं! आबांनाच ओवाला केला म्हणून स्वतःवर खूश झाले. चहा टाकला. नऊ डबे नव्या यंत्राला जोडायचे ते पाच वाजता जोडायचे होते. तोवर यंत्र एकटं. म्हणजे त्याच्याशी बोलायला दुसरं कुणी नाही.

चहा घेऊन आले तर रेकॉर्डिंगच्या डिस्कवर दोन फाइली. एक माझी, चार वाजून पाचची. दुसरी चार वाजून एकवीसची.

मला वाटलं, माझीच चाचणी दोनदा उतरली. लावून ऐकली. आधी काहीच नाही. पण शांतता वेगळी होती, सेजल. पाऊस नाही, खरखर नाही. बंद विहिरीवर वाकल्यावर कानाला जसं लागतं तसं. आणि मग लांबून एक आवाज. बाईचा की बाप्याचा ते कळेना.

"कुनी हाय का रंऽऽ..."

एकदाच. आणि त्यावर लगेच, माझ्या आबांचा आवाज.

"ओ. हाय मी हितंच."

कप हातातून खाली ठेवला तो कसा ठेवला मला आठवत नाही. मी घाबरट नाही गं. कॉलेजात असताना एकटी वरंधा घाटातून गाडीवर आलेय. पण त्या क्षणी मी लॅपटॉप अंगापासून दूर ढकलला. तरी डोकं म्हणत होतं, कुणीतरी हॅकर, कुणीतरी टवाळ. कुठल्या दारानं आला ते बघू. मी नेटवर्कचं पान उघडलं.

तिथं तीन कार्डं होती.

दोन मी जोडलेली. तिसरं जोडलंय कुणी, कधी, काही नाही. नाव रिकामं. पत्ता रिकामा. पुढं फक्त 'जोडलेले' असं, आणि जाऊन-यायला लागणारा वेळ. पलीकडचा किती लांब आहे हे साधारण त्यावरून कळतं, तुला माहीत आहे. आमच्या वाडीच्या डब्याला जुन्या सर्व्हरपासून लागायचे साठ मिलिसेकंद. याला दाखवत होतं नऊशे.

मी ते कार्ड काढून टाकलं. पान परत उघडलं. तीन. पुन्हा काढलं. पुन्हा तीन. आणि वेळ पाचशे चाळीस.

यंत्रच बंद केलं मग. 'बंद' असं लाल अक्षरात आलं. बंद यंत्राला दार असून नसल्यासारखं, ना? तिसरं कार्ड तसंच, 'जोडलेले'. आणि बंद यंत्राच्या डिस्कवर एक नवीन फाइल उतरली. उतरताना मी डोळ्यांनी पाहिली. मला ऐकायची नव्हती. पण ऐकल्याशिवाय राहवेना. या वेळी आवाज जवळचा होता, आणि हाकही वेगळी होती.

"महिपतऽऽ..."

नाव कुठून कळलं त्याला? मीच दिलेलं होतं. फाइलला. डिस्कवर, उघड्यावर.

तोवर खोलीत वास यायला लागला होता. इथं आपल्याला वास येतो तो एमआयडीसीचा, केमिकलचा, सवयीनं तो कळतही नाही. तो गेला होता. त्याच्या जागी नुकत्या उकरलेल्या मातीचा वास. खोल खड्डा काढल्यावर तळाशी जो गार वास असतो तो. खिडक्या बंद होत्या.

मी भागोजींना फोन लावला. नंबर दोनदा चुकला.

"भागोजीकाका... तो तीन हाकांचा नियम..."

ते मध्येच म्हणाले, "काडलास?"

"हो."

"काय केलंस गो हे..." त्यांचा आवाज एकदम म्हातारा झाला. "आमी तारा वडायचो तवा खांबावर चडून फोन जोडून बगायचो. पलीकडं कुनी नसताना घंटी यायची. एक घंटी. आमचा मुकादम सांगायचा, तिसरी झाल्याबिगर उचलायचा नाय. एकानं उचलला..." ते पुढचं न सांगता त्यांनीच विचारलं, "ओ कुनी दिली? माझाच आवाज हाय ना तितं?"

"नाही काका. आबांचा टाकला."

"नाव ठावं झालं त्याला?"

मी रडायलाच लागले.

"रडू नको. ऐक. नियम परत घाल, पन त्यानं काय व्हनार नाय आता. त्याला ओ मिळालीय. ज्यानं ओ दिली त्याच्याकडं जानार ते. महिपतला कसंबी करून कळव. आज दिवेलागनीला कुनाला म्हंजे कुनाला ओ देऊ नको म्हनावं. दार उगडू नको म्हनावं..." आणि फोन तुटला. लाइन गेली ती गेलीच.

पाच वाजून गेले होते. बाहेर आभाळ इतकं भरलेलं की दिवा लावावा लागला. आबांना फोन लावला. वडाच्या वळणाशिवाय लागत नाही, आणि एवढ्या पावसात ते वळणावर कशाला येतील? तरी अकरा वेळा लावला. ठकूबाईकडे फोन नाही. खालच्या वाडीतल्या चांगूचा बंद.

यंत्र बंदच ठेवावं असं एकदा मनात आलं. पण बंद ठेवून ते थांबत नव्हतं, हे तर पाहिलंच होतं. आणि बंद ठेवलं तर नऊ भोंगे मुके. वर लाल इशारा, डोंगराला भेग. मग मी नियम परत तीनाचा केला, यंत्र चालू केलं आणि नऊही डबे घाईघाईनं जोडून टाकले. कारण आबांपर्यंत पोचायची आता एकच वाट होती. आमच्या वाडीचा भोंगा आमच्या अंगणातच आहे. त्यातून मी बोलू शकत होते.

तू वापरशील तेव्हा बघशील, 'बोला'चं बटन दाबलं की चारच सेकंद मिळतात. मग दहा सेकंद बटन करडं होतं, तेवढ्यात पलीकडचा माइक ऐकू येतो. डोंगरातली लाइन, त्याहून जास्त झेपत नाही.

आता तू विचारशील, सरळ सांगून का नाही टाकलं, की आबा, ओ देऊ नका. मीही रोज तेच विचारते स्वतःला. पण आबांना मी ओळखते. सांजेसारखं अंधारलेलं असताना भोंग्यातून माझ्या आवाजात काहीतरी एकदम बोलायला लागलं असतं तर त्यांनी ते ऐकलंच नसतं. भूल समजून देवाचं नाव घेत बसले असते. आधी तीन हाका, मग माणूस. त्यांच्याच नियमानं जायला हवं होतं. तीन हाका मारायच्या, ते ओ देतील, मग सांगायचं. मला तेच बरोबर वाटलं.

तिसऱ्या कार्डासमोर वेळ होता दोनशे दहा.

बटन दाबलं. "आबाऽऽ!"

माइकमधून पाऊस ऐकू आला. शेळ्यांच्या गळ्यातल्या घंटा. आणि आतून आबांचं पुटपुटणं, देवाचं नाव. जिवंत होते, घरात होते. मला इतका धीर आला म्हणून सांगू!

दहा सेकंद. पुन्हा दाबलं. "आबाऽऽ!"

पुटपुटणं थांबलं. खोकला ऐकू आला. दाराजवळ आले होते. ऐकत होते माझं. मी करड्या बटनावर बोट ठेवून सेकंद मोजत होते. एक... दोन... तीन... अजून एक हाक, बस, अजून एकच. चार... पाच...

"आबाऽऽ!"

सेजल, माझं तोंड बंद होतं. मी दुसऱ्या हातानं तोंड दाबून धरलेलं होतं. बटन अजून करडंच. आणि आवाज माझा होता. अगदी माझा. शाळेतून आल्यावर दारातून मारायचे ना, तसा, थोडा रुसलेला.

तिसऱ्या कार्डासमोर आकडा होता साठ, आमच्या डब्याइतकाच.

"ओ..." आबा म्हणाले. "आलो गो."

कडी निघाली. दार करकरलं. अकराही शेळ्यांच्या घंटा एकदम थांबल्या. हळूहळू नाही, एकदम. नुसता पाऊस राहिला.

मग मी काय काय ओरडले ते सगळं चार-चार सेकंदांचं डिस्कवर आहे. मी ते पुसलं नाही आणि ऐकलंही नाही. तूही ऐकू नकोस.

साडेपाचला गाडी काढली. पोलादपूरच्या पुढं दरड आलेली, रस्ता बंद. रात्र मी एका टपरीत बसून काढली. फोनवर यंत्र उघडून बघत होते, आठ वाड्यांनी हाळी दिली, आठांनाही ओ मिळाली होती. सातविणीची हाळी नाही. ती हाळी आबाच द्यायचे. पाऊस मापाच्या आतच राहिला, भोंगे वाजायची वेळ आली नाही. उजाडल्यावर चांगू भेटला आणि आम्ही दोघं चालत वर गेलो. तीन तास लागले. वाटेत चांगू काही काही विचारत होता, मी काय उत्तरं दिली देव जाणे. मी मनात फक्त म्हणत होते, माझ्यामुळे झालं, माझ्यामुळे.

आबा पडवीत बसले होते.

मी धावत जाऊन मिठीच मारली. चांगूसमोर, लहान पोरीसारखी रडले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "रडतेस कशाला गो? तू हाक मारलीस, मी आलो."

"कुठं आलात आबा? कुठं गेला होतात?"

"तुज्याकडं," म्हणाले आणि हसले.

दार सताड उघडं होतं. रात्रभर पाऊस आत आलेला, घरभर पाणी, अंथरूण भिजून गोळा. शेळ्या कोपऱ्यात एकमेकींना चिकटून उभ्या होत्या, आबा जवळ गेले की मागं सरत होत्या. आणि आबा कोरडे. धोतर कोरडं, केस कोरडे. फक्त नखांमध्ये माती होती, लाल नाही गं, आमच्या डोंगराची असते तशी नाही. काळी.

त्याच दिवशी शेळ्या ठकूबाईला दिल्या आणि आबांना इथं घेऊन आले. या वेळी एका शब्दानं नको म्हणाले नाहीत. जेवतात, झोपतात, पेपर बघतात. ओळखीच्या सगळ्यांची नावं बरोबर घेतात. डॉक्टरला दाखवलं, तो म्हणाला तब्येत माझ्याहून बरी. तिसरं कार्ड त्या दिवसानंतर पुन्हा दिसलं नाही. मी रोज बघते. दोनच असतात. त्याचं मला बरं वाटायला हवं, पण वाटत नाही.

एकच झालंय. ज्या माणसानं जन्मभर मला दारात तीन-तीन हाका मारायला लावल्या, तो आता पहिल्या हाकेला ओ देतो. तिन्हीसांज असो, काही असो. सुरुवातीला मी म्हटलं, वय झालं, विसरले असतील. मग दिवाळीच्या सुमारास मी "आ" म्हणायच्या आत ओ यायला लागली. आणि आता तर मी नुसतं मनात आणते, आबांना चहाला बोलवावं, की आतून येते. ओ, आलो गो. त्यांच्याच आवाजात. मला तो आवाज फार आवडायचा गं. माझा बाप आहे तो. मी कुठं टाकू त्याला? कुणाला सांगू? म्हणून नोकरी सोडतेय. यंत्राजवळ मला बसवत नाही.

तू म्हणशील अक्षदाला भास होतात. म्हण. म्हणूनच तुला समोर बसवलं, कुणीतरी दुसऱ्यानं ऐकावं. आता आपण दोघी गप्प बसू. मी हाक मारणार नाही. तू सांगशील तेव्हा मी मनात फक्त एकदा त्यांना बोलावीन, आणि तू ऐक. घाबरू नकोस, माझा हात धर. तयार आहेस? थांब, लगेच नको, मला जरा श्वास...

"ओ... आलो गो."

सेजल... मी अजून बोलावलंच नव्हतं. तू बोलावलंस का?